बाई, तुम्ही चुकलात

औरंगपुऱ्यात शाळेच्या गणवेशांचं एक दुकान होतं, आणि त्या दुकानावर एक मजला. मालकानं मधे प्लायवूडची भिंत घालून त्या मजल्याच्या दोन खोल्या केल्या होत्या. रस्त्याकडची खोली बाईंची, जिन्याकडची माझी. बाई शाळेतल्या मुलांना गणित शिकवायच्या, मी मराठी. प्लायवूडला विषयांतला फरक कळत नाही, त्यामुळं त्यांचा सगळा तास मला ऐकू यायचा आणि माझा त्यांना. माझ्या शिकवण्याबद्दल त्यांनी एकदाच मत दिलं. "तुम्ही लई गोड शिकवता," म्हणाल्या, "माझी दोन पोरं भिंतीला टेकून झोपली."

मी तिथं शिकवायला लागलो त्याच आठवड्यात पलीकडून एका मुलाचा आवाज आला, "बाई, तुम्ही चुकलात!" मी शिकवता शिकवता थांबलो. आता आरडाओरडा होणार, पालकांना बोलावणं जाणार, असं मला वाटलं. आमच्या वेळी गुरुजी चुकले तर ती चूक आम्ही वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून घेत असू आणि परीक्षेत तशीच लिहीत असू. पण पलीकडं नुसतं हसणं झालं, मग सतरंजीवर कुणी तरी कण्हत बसल्याचा आवाज आला, आणि तो मुलगा शिकवायला लागला.

बाईंची ती पद्धत होती. गणित सोडवताना त्या फळ्यावर मुद्दाम चुकायच्या. ती चूक मुलांनी पकडायची. पकडल्यावर "बाई, ते जरा", "बहुतेक तिथं", "मला असं वाटतं" हे चालायचं नाही. उभं राहायचं आणि पूर्ण वाक्य म्हणायचं: बाई, तुम्ही चुकलात. तसं म्हणणाऱ्याच्या हातात त्या खडू द्यायच्या आणि स्वतः जाऊन त्याच्या जागेवर मांडी घालून बसायच्या. गणित पूर्ण होईपर्यंत तो शिक्षक आणि बाई विद्यार्थी. विद्यार्थी म्हणून त्या फार वाईट होत्या. शेजारच्याशी बोलायच्या, पाणी प्यायला जाऊ का विचारायच्या, आणि समजलं असतानाही "परत सांगा की" म्हणून त्या नव्या शिक्षकाला घाम फोडायच्या.

मी एकदा विचारलं, की हे कशासाठी. त्या म्हणाल्या, "पोरांना गणित येत नाय, असं नाय. त्यांना वाटतं, फळ्यावर हाय म्हंजी खरं, अन् आपल्या वहीत हाय म्हंजी चूक. तेवढं एक निघालं की बाकीचं येतंय आपोआप." शिक्षणशास्त्रावरची बरीच पुस्तकं मी वाचली आहेत. त्यातल्या बहुतेकांना एवढं सांगायला चारशे पानं लागतात आणि तरी ते सांगायचं राहून जातं.

बाईंना बाईच म्हणावं लागे. कुणी नवं मूल "मॅडम" म्हणालं, तर त्या मागं वळून जिन्यात कोण आलंय ते बघायच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या, हर्सूलला भाच्याकडं राहणाऱ्या. सुती साडी आणि पायात मुलांचे असतात तसले पांढरे कॅनव्हासचे बूट. अंबाड्यात खडू खोचलेला. बाराही महिने छत्री, कारण आमच्या जिन्यात कबुतरं होती. भिंतीवर कित्येक वर्षांपूर्वीचं कॅलेंडर. मी म्हणालो, बाई, हे जुनं झालं. त्या म्हणाल्या, कॅलेंडर जुनं होत नाही, ठरावीक वर्षांनी तेच वार त्याच तारखांना परत येतात. तोवर थांबायला त्या तयार होत्या.

त्यांच्या खिडकीसमोर एका मोठ्या कोचिंग क्लासचं होर्डिंग होतं. त्यावर पहिल्या आलेल्या मुलांचे चेहरे आणि त्या सगळ्यांच्या वर क्लासच्या मालकांचा, जोडलेल्या हातांसकट. ते होर्डिंग आलं तेव्हा आम्ही दोघंही संपणार असं मला वाटलं होतं. बाईंनी त्यावर गुणोत्तर आणि प्रमाण हा धडा शिकवून घेतला. मालकांचा चेहरा पहिल्या आलेल्या मुलीच्या किती पट आहे, आणि याच प्रमाणात तो वाढत गेला तर कोणत्या वर्षी मुलांना जागा उरणार नाही. मुलांनी तीन पद्धतींनी उत्तर काढलं.

मला त्या "साहित्यिक" म्हणायच्या. माझं काहीही छापून आलेलं नव्हतं, त्यामुळं तो टोमणाच होता. माझी गणिताची भीती त्यांनी पहिल्याच भेटीत ओळखली आणि नंतर कधी सोडली नाही. चार वाजता समोरच्या हॉटेलातून चहा यायचा, तो आम्ही दोन खोल्यांमधल्या बोळात उभ्यानं प्यायचो. मी पहिला घोट घेतला रे घेतला, की त्या अचानक विचारायच्या, "काय साहित्यिक, सात आठे?" मला येत नव्हतं असं नाही. पण तो प्रश्न असा अंगावर आला, की मी तिसरीत जाऊन उभा राहायचो. त्या वाट बघायच्या, रागवायच्या नाहीत. मग म्हणायच्या, "असू द्या. चहा प्या. उद्या इचारते."

एकदा त्यांचा सत्कार झाला. कुठल्याशा प्रतिष्ठाननं शिक्षक दिनाला त्यांना आदर्श शिक्षिका ठरवलं होतं. त्यांना जायचं नव्हतं. भाच्यानं आत्याचा फोटो पेपरात येईल म्हणून गळ घातली. व्यासपीठावर शाली, नारळ आणि पाहुण्यांपेक्षा उंच पुष्पगुच्छ होते. मुख्य पाहुणे म्हणजे एक पुढारी. ते आपल्या संस्थेच्या शाळेबद्दल बोलत होते. आधी निकाल पन्नास टक्के लागायचा, आता शंभर टक्के लागतो, म्हणजे आमच्या काळात यश पन्नास टक्क्यांनी वाढलं, असं ते म्हणाले आणि टाळ्यांसाठी थांबले. टाळ्या सुरू व्हायच्या आत बाई उभ्या राहिल्या.

"साहेब, तुम्ही चुकलात."

बाईंनी शांतपणे समजावलं, की पन्नासाचे शंभर झाले तर वाढ शंभर टक्के झाली, पन्नास नाही. दुप्पट झालं ना साहेब ते. एखाद्या पुढाऱ्यानं स्वतःच्या कामाची निम्मीच बढाई मारल्याचा तो मी पाहिलेला एकमेव प्रसंग. साहेबांना हे कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर ते खुलले. पण बाईंचं अजून झालं नव्हतं. त्या आपली खुर्ची सोडून माइककडं गेल्या आणि साहेबांना हातानं आपली रिकामी खुर्ची दाखवली. नियम म्हणजे नियम. साहेब जाऊन बसले. बाईंनी पुढची पाच मिनिटं टक्केवारी शिकवली. पेपरात फोटो आला, तो खुर्चीत बसून ऐकणाऱ्या साहेबांचा.

त्याच सुमारास वैष्णवी आली. नववीतली मुलगी. घराणं मेंढपाळांचं, आजोबा अजून मेंढरं घेऊन फिरायचे, वडील ते सोडून चितेगावला एका कंपनीत लागले होते, आणि ही शिकायला हर्सूलला मामाकडं होती. दाराजवळ बसायची, चपला हाताशी ठेवून, केव्हाही निघता येईल अशा बेतानं. गणित तिला उत्तम यायचं. बाईंनी चूक केली, की ती स्वतःच्या वहीत गुपचूप बरोबर लिहायची आणि खाली मान घालून बसायची. बाईंनी ते बघितलं. तिला वर्गासमोर विचारलं. ती म्हणाली, "मोठ्या माणसाला चुकलं नाय म्हणत आमच्यात."

"मी मोठी नाय," बाई म्हणाल्या. "म्हातारी हाय. त्यात फरक असतो."

वर्ग हसला, ती नाही हसली. पुढं कितीतरी दिवस बाई तिची वाट बघत राहिल्या. चूक करायच्या, बाकीच्या मुलांना हात वर करू द्यायच्या नाहीत, आणि तिच्याकडं बघायच्या. ती चपलांकडं बघायची.

इथं मी एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी प्लायवूडमुळं मला समजली होती. मुद्दाम चुकायच्या आधी बाई खिडकीकडं जायच्या, खाली रस्त्यावर बघायच्या आणि म्हणायच्या, "केवढी ही गर्दी." मग येऊन चुकायच्या. चूक ठरवायला त्यांना तेवढा वेळ लागत असावा. मुलांच्या ते ध्यानात आलं नव्हतं, कारण मुलं फळ्याकडं बघत असायची. मी काहीच बघू शकत नव्हतो, म्हणून ऐकत होतो.

एका दुपारी पलीकडून "केवढी ही गर्दी" आलं आणि मग बाईंनी एक गणित सांगितलं. एका मेंढपाळाकडं अमुक इतक्या मेंढ्या आहेत, दर महिन्याला तो त्यांची लोकर कातरतो, तर वर्षाची लोकर किती. मुलं भराभरा बारानं गुणायला लागली. आणि दाराकडून एक आवाज फुटला, जो मी आधी कधी ऐकला नव्हता.

"बाई, तुम्ही चुकलात. दर महिन्याला कुठं कातरत्यात व्हय मेंढी? वर्साला दोनदा. तुमच्या मेंढ्या गारठून मरत्याल की."

मग सतरंजीवर बसल्याचा आवाज, गुडघ्यांच्या तक्रारीसकट. मग बाईंचा विद्यार्थ्याचा आवाज: "परत सांगा की, मॅडम."

'मॅडम' हा शब्द त्यांनी वापरलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

त्यानंतर वैष्णवीच्या चपला इतर मुलांच्या चपलांबरोबर बाहेर जिन्यात असायला लागल्या. संध्याकाळी दोघी एकाच रिक्षानं हर्सूलला जायच्या. बाईंची छत्री तिच्या हातात असायची. तिच्याशी काय बोलता एवढं, असं मी बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, ती मला मेंढरांचं सांगते, मी तिला अपूर्णांकांचं, दोघींनाही दुसरीचं खोटं वाटतं.

वैष्णवी दहावीत गेली त्या वर्षी पलीकडच्या खोलीत "बाई, तुम्ही चुकलात" वाढलं. तासातून दोनदा, तीनदा. मुलं खूष होती. बाहेर बोलबाला झाला, की बाई आता फार मजेदार शिकवतात. माझ्याकडची दोन मुलंही तिकडं गेली. पण मी गर्दीचं वाक्य ऐकायला कान देऊन बसायचो आणि ते यायचं नाही. चूक यायची, गर्दी यायची नाही. काही वेळा तेच गणित दुसऱ्यांदा यायचं. मुलांनी ओरडल्यावर बाई हसायच्या, "सापडली का?" म्हणायच्या. त्या हसण्याआधी थोडी जागा रिकामी जायची. ती प्लायवूडमधूनही ऐकू यायची.

चहाच्या वेळी त्या मला सात आठे विचारेनाशा झाल्या. इतकी वर्षं त्या प्रश्नातून सुटका व्हावी असं वाटत होतं. सुटका झाली, तर पहिला घोट घेऊन मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहायचो.

वैष्णवी एके दिवशी माझ्या खोलीत आली. दारातच उभी राहिली. म्हणाली, "सर, बाई आता रस्त्याकडं बघत नाहीत." म्हणजे तिलाही ते माहीत होतं. मला वाटलं होतं ते गुपित फक्त माझं आहे. मी तिला, वयानं मोठी माणसं सांगतात ते सांगितलं. की मुलं पकडतातच आहेत, गणित बरोबर होतंच आहे, बाईंना आनंद मिळतोय. जसं चाललंय तसं चालू द्यावं.

ती म्हणाली, "म्हंजी बाईचं चुकलं तरी आपण बरोबरच म्हणायचं. मग बाईनी मला काय शिकवलं?"



तो दिवस मला आवाजांसकट आठवतो. हिवाळा होता, खालच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, रस्ताही त्या मानानं शांत. माझ्या वर्गात मुलं निबंध लिहीत होती. पलीकडं बाई वर्गसमीकरण सोडवत होत्या. खडूचा आवाज, थांबणं, पुन्हा खडू. मग वैष्णवी: "बाई, तुम्ही चुकलात."

मुलं हसली. बाई "सापडली का?" म्हणाल्या नाहीत. खडू वाजला नाही. हसणं आपोआप विरलं. मग बाईंनी विचारलं, अगदी साध्या आवाजात, जसं एखाद्याला रस्ता विचारावा:

"ही मी केली व्हती, का झाली व्हती?"

माझ्या वर्गातली मुलंही लिहायची थांबली. त्यांना काही कळलं नव्हतं, पण आवाज कळला होता. पलीकडं इतका वेळ कुणी बोललं नाही, की मला वाटलं ती माझंच ऐकणार. मी मनातल्या मनात तिला सांगत होतो, म्हण, केली होती म्हण.

"झाली," ती म्हणाली.

"पूर्ण वाक्यात."

"बाई, तुम्ही चुकलात. खरंच चुकलात." तिचा आवाज बारीक झाला नव्हता.

"शाबास," बाई म्हणाल्या. आणि मग मला सतरंजीचा आवाज आला, गुडघ्यांचा, आणि पाठ भिंतीला टेकल्याचा. ती भिंत म्हणजे आमची प्लायवूडची. पलीकडं बाई तिला टेकल्या होत्या, अलीकडं मी. त्या इतक्या जवळ होत्या, की मला त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"पुढं सोडवा, मॅडम," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी त्या पुन्हा फळ्याकडं गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या आल्या, बूट बाहेर काढले, छत्री कोपऱ्यात ठेवली आणि दाराजवळ वैष्णवीच्या जागेवर जाऊन बसल्या. परीक्षेपर्यंत तसंच चाललं. वैष्णवी फळ्यावर, मुलं सतरंजीवर, आणि त्यांच्यात बाई, शेजारच्याशी बोलत. वैष्णवी मुद्दाम चुकायची. बाई कधी पकडायच्या, कधी नाही. पकडली की उभं राहायला त्यांना वेळ लागायचा, पण त्या उभं राहूनच म्हणायच्या.

मुलं पास झाली. होर्डिंगवर जाण्याइतके गुण कुणालाच नव्हते, वैष्णवीलाही नाही. उन्हाळ्यात भाचा टेम्पो घेऊन आला आणि फळा आणि सतरंजी घेऊन गेला. कॅलेंडर भिंतीवर राहिलं. त्या खोलीत आता मोबाइलची कव्हरं विकतात आणि मधली भिंत विटांची झाली आहे. पलीकडचं काही ऐकू येत नाही. माझ्या वर्गात मुलं मी सांगतो ते सगळं लिहून घेतात. मध्यंतरी मी मुद्दाम एका साध्या शब्दाचा अर्थ उलटा सांगितला आणि वाट बघितली. सगळ्यांनी लिहून घेतला. एकीनं खाली रेघसुद्धा मारली.

वैष्णवी आता कॉलेजात गणितच शिकते आणि सुट्टीत मामाच्या घरी गल्लीतल्या मुलांना घेऊन बसते. अलीकडं औरंगपुऱ्यात भेटली. बाईंकडं जाता का, तिनं मला विचारलं. मी अजून गेलो नव्हतो. म्हणाली, "जाऊन या सर एकदा. बाई आता माणसं ओळखत नाहीत. चूक ओळखतात."

गेलो. हर्सूलला भाच्याचं घर वस्तीच्या अगदी कडेला आहे, पलीकडं मोकळी जमीन आणि लांबवर तलावाचं पाणी. बाई खिडकीजवळ खुर्चीत होत्या. अंगावर तीच सुती साडी, अंबाडा बारीक झालेला. भाचेसुनेनं मोठ्यानं सांगितलं, आत्या, तुमच्या क्लासशेजारचे सर आलेत. बाईंनी माझ्याकडं, टपाल घेऊन आलेल्या माणसाकडं बघावं तसं बघितलं. आदरानं, पण ओळख नाही. चहा आला. मी पहिला घोट घेतला.

"सात आठे?" बाई म्हणाल्या.

मी तयारीनं गेलो होतो. रिक्षात घोकत आलो होतो. पण तो आवाज तोच होता, आणि मी पुन्हा तिसरीत.

"चोपन्न," मी म्हणालो.

त्यांनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला. भाचेसून धावली, तिला त्यांनी बाजूला केलं आणि सावकाश उभ्या राहिल्या. "तुम्ही चुकलात." मग डोळे बारीक करून म्हणाल्या, "ही केली, का झाली?"

"झाली, बाई."

त्यांना ते आवडलं असावं. त्यांनी मला खुर्ची दाखवली. मी त्यांच्या खुर्चीत बसलो. ती गरम होती. त्या भिंतीकडं गेल्या आणि चुन्याच्या भिंतीवर बोटानं लिहायला लागल्या. एक ओळ, तिच्याखाली दुसरी, तिसरी. भिंतीवर काहीच उमटत नव्हतं. चौथ्या ओळीशी त्या थांबल्या, वळल्या, खिडकीशी आल्या. बाहेर ऊन, मोकळी जमीन आणि एक शेळी.

"केवढी ही गर्दी," बाई म्हणाल्या.

आणि भिंतीकडं जाऊन त्यांनी चौथी ओळ लिहिली.

मी उभा राहिलो. "बाई, तुम्ही चुकलात."

त्या वळून हसल्या. त्या हसण्याआधी जागा रिकामी गेली नाही. त्यांनी हात पुढं केला, चिमटीत काहीच नव्हतं. ते मी घेतलं. त्या येऊन खुर्चीत बसल्या, आणि मी भिंतीसमोर उभा राहिलो. पुढचं मला येत नव्हतं.

"परत सांगा की," मागून बाई म्हणाल्या.